वेल ड्रेसिंगची फळी का तडकते, आणि तिच्या इतिहासात प्लेग किती, पाणी किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही इंग्लंडच्या डार्बीशर परगण्यातल्या ज्या गावात राहता तिथे दर उन्हाळ्यात वेल ड्रेसिंग (इंग्रजीतली ‘वेल’, म्हणजे विहीर) होतं, म्हणजे झऱ्यापाशी मातीवर पाकळ्यांची चित्रं मांडतात. गेल्या वर्षी मुलीच्या वर्गाने एक छोटी फळी केली होती. माती हस्तकलेच्या दुकानातली, हवेवर सुकणारी. दुसऱ्या दिवशी तिला भेगा पडल्या, तिसऱ्या दिवशी अर्ध्या पाकळ्या गळाल्या, उरलेल्या तपकिरी झाल्या. यंदा ते काम तुमच्याकडे आलंय. शिवाय फळीशेजारी लावायला मुलांना चार ओळींचा इतिहास लिहायचाय आणि तीन जण तीन गोष्टी सांगतात: १३४९ चा प्लेग, ईम गावचा प्लेग आणि रोमन लोकांची जलपूजा.

फुलं चुकीची निवडली का, असं तुम्ही विचारलंत. फुलांचा दोष फार थोडा असतो. फळीतलं पाणी निघून गेलं, हा खरा बिघाड. इतिहासाचा गुंताही शेवटी पाण्यापाशीच सुटतो. तो आधी सांगते, कारण तो एकदा लिहून झाला की बाजूला ठेवता येतो. फळीला मात्र तारखा पाळाव्या लागतात.

सुरुवात एका शब्दापासून. विहीर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रहाट, दोर आणि खोल काळोख येतो. इथली ‘वेल’ बहुतेक ठिकाणी तशी नसते. जमिनीतून आपणहून बाहेर येणारा झरा आणि त्याला बांधलेली दगडी कमान किंवा कुंड, एवढंच तिचं रूप. टिसिंग्टन गावातली कॉफिन वेल शवपेटीच्या आकाराच्या कुंडामुळे त्या नावाने ओळखली जाते. आणि काही गावांत ‘वेल’ म्हणजे चक्क सार्वजनिक नळ आहे. तो तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही प्रथा सर्वांत दाट दिसते ती चुनखडीच्या पट्ट्यात, ज्याला व्हाइट पीक म्हणतात. तिथे पाऊस कमी नाही, पण चुनखडी भेगाळलेली असते आणि पाणी वर थांबत नाही. लॅथकिल नदीचं वरचं पात्र कोरड्या उन्हाळ्यात पूर्ण आटतं, नदी दगडाखाली निघून जाते. त्यात भर शिशाच्या खाणींची. खाणीत साचणारं पाणी काढण्यासाठी डोंगराच्या पोटातून लांबलचक बोगदे खणले गेले, त्यांना तिथे ‘सफ’ म्हणतात. वर्क्सवर्थजवळचा मीरब्रुक सफ १७७२ मध्ये सुरू झाला. तो अजून वाहतो आणि त्यातलं पाणी आज पिण्याच्या पुरवठ्यासाठी वापरलं जातं. पण सफ खणला की भूजल खाली जायचं आणि वरचे झरे बंद व्हायचे. अशा मुलखात बारमाही झरा असणं म्हणजे गाव टिकणं. हे समजलं की लोक झऱ्याला फुलं का वाहतात यासाठी वेगळी दंतकथा लागत नाही.

आता तीन दावे. अशा कुठल्याही प्रथेबाबत मी एकच सवय पाळते: झऱ्याचं वय, झऱ्याला फुलं वाहण्याचं वय आणि आज दिसणाऱ्या मातीच्या चित्राचं वय, ही तीन वेगळी धरते. बहुतेक गोंधळ ही तिन्ही एकत्र केल्यामुळे होतो.

१३४९ ची गोष्ट टिसिंग्टनची. १३४८-४९ मध्ये काळ्या मृत्यूने, म्हणजे प्लेगच्या साथीने, इंग्लंडमध्ये हाहाकार माजवला, टिसिंग्टन मात्र आपल्या झऱ्यांच्या शुद्ध पाण्यामुळे वाचलं आणि त्या उपकारापोटी लोकांनी झरे सजवायला सुरुवात केली, असं गाव सांगतं. ही गावाची आठवण आहे, म्हणून तिचा मान राखावा. पण त्या काळातला कागद तिच्या पाठीशी नाही. शिवाय गाठीचा प्लेग पिसवांमुळे पसरतो, पाण्यातून नाही. स्वच्छ झरा पटकीपासून वाचवेल, प्लेगपासून वाचवणार नाही.

त्याच गावात दुसरीही गोष्ट सांगतात, ती मला जास्त पटते. १६१५ साली मोठं अवर्षण पडलं आणि आसपासचं पाणी आटलं तरी टिसिंग्टनचे झरे वाहत राहिले. यातलं अवर्षण खरं आहे. यूलग्रेव्हच्या चर्चच्या नोंदवहीत त्या वर्षी मार्चअखेरपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मोजक्या दोन-तीन सरी पडल्याचं लिहून ठेवलंय. झरे तेव्हा सजवले गेले का, हे त्या नोंदीत नाही. पण चुनखडीच्या प्रदेशात दुष्काळातही न आटलेल्या झऱ्याचे आभार मानणं हे सरळ समजण्यासारखं आहे.

ईमचा प्लेग म्हणजे वेगळाच प्रसंग, तीनशे वर्षांनंतरचा. सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर रोग गावात शिरला. पुढच्या वर्षी विल्यम मॉम्पेसन आणि थॉमस स्टॅन्ली या दोन धर्मोपदेशकांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतलं, रोग शेजारी पसरू नये म्हणून. सुमारे २६० माणसं गेली. बाहेरचे लोक हद्दीवर धान्य ठेवून जात आणि गावकरी पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी मोबदला म्हणून ठेवत. अशा जागांपैकी एक झराच होता, त्याला आजही मॉम्पेसन्स वेल म्हणतात. प्लेगही आहे आणि झराही आहे, म्हणून लोक दोन्ही जोडतात. प्रत्यक्षात ईममध्ये आजचं वेल ड्रेसिंग सुरू झालं १९५१ मध्ये. मुलांच्या मजकुरात ईमचा प्लेग घालू नका. त्या गावाने जे सोसलं त्याला स्वतःची जागा हवी, ते सजावटीचं कारण म्हणून वापरणं मला बरं वाटत नाही.

राहिले रोमन. बक्सटनला साधारण २७-२८ अंशांचं कोमट पाणी जमिनीतून येतं आणि रोमन काळात त्या वस्तीचं नाव आर्नेमेटिया देवीवरून पडलेलं होतं. मध्ययुगात तोच झरा सेंट ॲनचा झाला. १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमावरून तिथे भाविकांनी ठेवलेल्या कुबड्या आणि नवसाच्या वस्तू काढून नेल्या आणि कुंडं बंद केली. म्हणजे पाण्यावरची श्रद्धा जुनी आहे, यात वाद नाही. पण बक्सटनचं वेल ड्रेसिंग १८४० चं आहे. डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकने वरच्या बाजारपेठेत पाणी आणून दिलं, त्याच्या कृतज्ञतेतून ते आलं. देवी आणि ड्यूक यांच्यामध्ये कित्येक शतकांची पोकळी आहे. ती ‘अखंड परंपरा’ या शब्दांनी बुजवू नये.

मग कागदावर काय मिळतं? अठराव्या शतकाच्या मध्यावर टिसिंग्टनला गेलेल्या एका प्रवाशाने झऱ्यांना हार घातलेले पाहिल्याचं लिहिलंय. हार, चित्र नव्हे. ओल्या मातीने लिंपलेल्या फळीत फुलं खोचण्याची वर्णनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला येतात. आणि लगेच नळ येतात. वर्क्सवर्थमध्ये १८२७ ला नळाचं पाणी आलं आणि लोकांनी नळ सजवले. यूलग्रेव्हमध्ये १८२९ ला पाणी आलं. त्यासाठी गावातल्या स्त्रियांच्या मदत मंडळाने जोर लावला होता. रस्त्यावरचा गोल दगडी हौद, ‘द फाउंटन’, अजून उभा आहे. तिथे त्याला पुष्कळ दिवस ‘टॅप ड्रेसिंग’च म्हणत. बादल्या वाहून मान मोडलेल्या माणसांनी पहिल्या नळाला फुलं वाहिली, याहून जास्त खरं कारण मला सापडलेलं नाही. वर्महिल गावात तर कालवे बांधणाऱ्या जेम्स ब्रिंडलीच्या स्मारकाची वेल सजवतात. ब्रिंडली १७१६ मध्ये त्याच परिसरात जन्मला होता. पाणी वळवणाऱ्याचं स्मारक पाण्यावरच.

तर मुलांनी फलकावर असं लिहावं: ‘चुनखडीच्या या भागात पाणी जमिनीखाली निघून जातं, म्हणून कायम वाहणारा झरा मोलाचा. टिसिंग्टनचे लोक सांगतात की ही प्रथा १३४९ पासूनची आहे. लेखी नोंदी अठराव्या शतकापासून मिळतात. माती आणि पाकळ्यांची चित्रं सुमारे दोनशे वर्षांपासून होतात, आणि काही गावांत ती पहिल्या नळाच्या आनंदात सुरू झाली.’ तुमच्या गावची सुरुवात कधीची, हे त्याला जोडायचं असेल तर चर्चमधल्या जुन्या कार्यक्रमपत्रिका बघा आणि मॅटलॉकच्या डार्बीशर रेकॉर्ड ऑफिसमध्ये विचारा. बऱ्याच गावांचं वेल ड्रेसिंग विसाव्या शतकातलं आहे. ते लिहिण्यात कमीपणा नाही.

आता फळी.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी ठरवा. पहिली तारीख. टिसिंग्टनचा सोहळा असेन्शनच्या गुरुवारी असतो, म्हणजे ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, तो ३० एप्रिल ते ३ जून यांमध्ये कधीही येतो. यूलग्रेव्ह आणि टाइड्सवेलचा जूनच्या उत्तरार्धात, बार्लोचा ऑगस्टमध्ये. मे महिन्यात बागेतला हायड्रेंजिया फुललेला नसतो, आणि निळ्या रंगाला त्याच्याइतका टिकाऊ पर्याय नाही. मेमध्ये असाल तर ट्यूलिप, फर्गेट-मी-नॉट, प्रिम्युला यांवर भागवा किंवा कुंडीतला हायड्रेंजिया विकत आणा. जुलै-ऑगस्टमध्ये हायड्रेंजिया, जिरेनियम, झेंडू, डेल्फिनियम सगळं हाताशी असतं. दुसरी गोष्ट गावचा नियम. बहुतेक गावं फक्त निसर्गातल्या वस्तू चालवतात, पण निसर्गातल्या म्हणजे उगवणाऱ्याच, की खडे आणि शिंपलेही, यावर गावागणिक मत वेगळं. बार्लोला तर सुट्या पाकळ्या नाही, अख्खी फुलं लावतात. चित्र काढण्याआधी आयोजकांना विचारा. तिसरी गोष्ट ऊन. फळी दक्षिणेकडे तोंड करून उघड्यावर राहणार असेल तर खाली सांगितलेला प्रत्येक उपाय कडकपणे करा, झाडाखाली असेल तर थोडं इकडेतिकडे चालतं.

लाकूड अख्ख्या फळ्यांचं घ्या. एमडीएफ आणि चिपबोर्ड भिजले की फुगून भुसा होतात, घरात वापरायच्या साध्या प्लायचे थर सुटतात. पहिल्या वेळी ३० बाय ४० सेंटिमीटरपेक्षा मोठी करू नका. चारही बाजूंनी अडीच सेंटिमीटर उंचीची काठ-पट्टी ठोका, म्हणजे ती उथळ ताटासारखी होईल. मग तळात साधारण पाच-पाच सेंटिमीटरवर जस्त चढवलेले खिळे असे ठोका की डोकं सेंटिमीटरभर वर राहील. माती त्या डोक्यांना धरते. खिळे नसतील तर फळी उभी केल्याबरोबर मातीचा पूर्ण थर चादरीसारखा खाली घसरतो. साधे लोखंडी खिळे गंजतात आणि गंजाचे ओघळ पांढऱ्या पाकळ्यांतून दिसतात, म्हणून जस्ताचे.

यानंतरची पायरी तुमच्या वर्गाने गेल्या वर्षी वगळली असणार, कारण ती कोणीच सांगत नाही: फळी भिजवा. गावातल्या मोठ्या फळ्या नदीत किंवा तळ्यात कित्येक दिवस बुडवून ठेवतात. तुमची बाथटबमध्ये मावेल. वर विटा ठेवून पूर्ण बुडवा, किमान तीन दिवस. कोरडं लाकूड मातीतलं पाणी मागच्या बाजूने शोषून घेतं. तुम्ही पुढून कितीही फवारा मारा, ते पाणी मागे जात राहतं. भेगा नेहमी आधी काठाशी पडतात याचं कारण हेच. तिथे मातीला दोन बाजूंनी लाकूड लागलेलं असतं.

माती. हस्तकलेच्या दुकानातली हवेवर सुकणारी माती लवकर वाळावी म्हणूनच बनवलेली असते, ती इथे उलटं काम करते. प्लॅस्टिसिन तेलकट, त्यातून पाकळीला पाणी मिळत नाही. कुंभारकामाची नैसर्गिक चिकणमाती घ्या, ती साडेबारा किलोच्या पिशव्यांत मिळते. हिशेब असा: ३० गुणिले ४० गुणिले २ सेंटिमीटर म्हणजे २,४०० घनसेंटिमीटर, वजनात साडेचार ते पाच किलो. एका पिशवीत दोन फळ्या सहज होतात. घरी गणपतीसाठी शाडू मळलेला असेल तर हाताला ओळख आहेच, फक्त हेतू उलटा. मूर्ती सुकायला हवी, ही माती शेवटच्या दिवसापर्यंत सुकता कामा नये.

पिशवीतली माती वापरायला घट्ट असते. ताडपत्रीवर पसरा, थोडं थोडं पाणी घाला आणि मुलांना बूट घालून तुडवू द्या. हे काम त्यांना सर्वांत आवडतं आणि तेच उत्तम करतात. पाच किलोला लहान मूठभर मीठ घाला. मीठ ओलावा धरून ठेवतं. मात्र जास्त झालं तर पाकळ्यांमधलं पाणी ओढून घेतं आणि वर पांढरा थर येतो. माती थालीपीठाच्या पिठाइतकी सैल हवी: बोट सहज रुतावं, पण खड्डा तसाच राहावा. तपासायचं असेल तर मूठभर गोळा भिजलेल्या लाकडावर थापून फळी दहा मिनिटं उभी करा. सरकला तर पाणी जास्त, कडांना भेगा गेल्या तर कमी. खडे आणि काड्या वेचून टाका, नाहीतर रेघ ओढताना नेमक्या तिथेच अडकतात.

भिजलेली फळी निथळून घ्या, पण पुसू नका. माती मूठ-मूठ जोराने आपटत भरा, म्हणजे खिळ्यांभोवती हवा राहणार नाही. वरून पट्टीने सपाट करा. दोन सेंटिमीटरपेक्षा पातळ थर लवकर वाळतो, फार जाड थर स्वतःच्या वजनाने सुटतो.

चित्र कागदावर खऱ्या मापात काढा, मातीवर पसरा आणि रेघांवर टाचणीने किंवा दातकोरणीने अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर टोचत जा. कागद उचलला की ठिपक्यांचं चित्र उरतं. मुलांच्या फळीला मोठे आकार ठेवा: एक पक्षी, एक झाड, खाली पाण्याच्या दोन लाटा. माणसाचा चेहरा टाळा, तो पाकळ्यांत करणं अनुभवी हातांनाही अवघड जातं. ठिपके दिसेनासे व्हायच्या आत रेघा भरायला घ्या.

रेघांसाठी डार्बीशरचा जुना माल म्हणजे अल्डर झाडाची छोटी काळी बोंडं. नदीकाठी खाली पडलेली मिळतात, आणि या कामालाच तिथे ‘ब्लॅक नॉबिंग’ म्हणतात. ती नसतील तर कॉफीच्या बिया किंवा मिरी. अर्धी मातीत, अर्धी वर, एकमेकींना चिकटून. रेघ म्हणजे बांध असतो, तो दोन रंगांच्या पाकळ्यांना आपापल्या जागी ठेवतो. फट राहिली की रंग एकमेकांत शिरल्यासारखे दिसतात.

स्वयंपाकघरातलं धान्य वापरताना जपा. ओली माती, सावली आणि उन्हाळी हवा, म्हणजे मोड आणायला आपण जे करतो तेच इथे आपोआप होतं. अख्खे मूग, मसूर, मोहरी, जवस यांना दोन-तीन दिवसांत कोंब फुटतात आणि रेघ उचलली जाते. सोललेली डाळ फुगते आणि आंबते, तांदूळही. मक्याचे दाणे छान दिसतात, पण पक्षी वेचून नेतात. धान्य वापरायचंच असेल तर आधी भाजून गार करा, मग कोंब येणार नाहीत. मिरी आणि भाजलेल्या कॉफीला हा प्रश्नच नाही.

रेघांनंतर टिकाऊ भराव: शेवाळ, पानं, झाडाची साल, लोकर आणि दगडफूल. हो, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंदच. तिथल्या झाडांवर ते राखाडी-हिरवं वाढतं आणि खडक किंवा आभाळ दाखवायला त्यासारखं दुसरं काही नाही. पण ते फार सावकाश वाढतं, म्हणून वाऱ्याने पडलेल्या फांद्यांवरचंच घ्या. रानातली झाडं जमीनमालकाच्या परवानगीशिवाय मुळासकट उपटणं तिथे कायद्याने गुन्हा आहे, मुलांना आधीच सांगा. शेजाऱ्यांच्या बागा पुरतात. एक चिठ्ठी टाकली की लोक बादलीभर फुलं आणून देतात.

पाकळ्या शेवटी, आणि त्यांचा एकच नियम पाठ करा: खालून वर. कौलारू छप्पर शाकारताना पागोळीकडून सुरुवात करून आढ्याकडे जातात, तसंच. पाकळीचं वरचं टोक अंगठ्याने मातीत दाबा आणि खालचं टोक आधीच्या ओळीवर मोकळं राहू द्या. पाऊस वरून ओघळून जातो. वरून खाली लावत आलात तर प्रत्येक पाकळी उघड्या खिशासारखी होते, त्यात पाणी साचतं आणि पहिल्या सरीत ओळच्या ओळ सुटते. फुलांच्या रांगोळीत ही काळजी नसते, कारण ती आडवी असते. तिच्या सवयीने मुलं आणि पालक दोघेही मधून बाहेर लावायला लागतात. तेवढं थांबवा.

पाकळीला कडेने धरा. जिथे बोट दाबलं जातं तिथे पेशी फुटतात आणि काही तासांत तपकिरी डाग येतो, पांढऱ्या आणि फिकट गुलाबी पाकळ्यांवर सर्वांत आधी. म्हणून पांढरा रंग सर्वांत शेवटी आणि सर्वांत हलक्या हाताकडे द्या. पातळ पाकळी ओली झाली की पारदर्शक होते आणि खालची करडी माती दिसते, पिवळा रंग मळका वाटतो तो यामुळे. तिथे दोन थर घ्या. फुलं लावायच्या क्षणापर्यंत देठासकट पाण्याच्या बादलीत ठेवा. सुट्या केलेल्या पाकळ्या रात्रभर ठेवायच्या असतील तर ओलसर कागदासह बंद डब्यात, फ्रिजमध्ये.

वेळेचा अंदाज आधी घ्या, कारण वर्गात नेहमी तोच चुकतो. ३० बाय ४० म्हणजे १,२०० चौरस सेंटिमीटर. एक पाकळी सुमारे एक चौरस सेंटिमीटर झाकते. निम्मी फळी शेवाळ आणि पानांनी भरली तरी सहाशे पाकळ्या उरतात. एक मूल मिनिटाला तीन लावतं असं धरलं तर एकट्याला सव्वातीन तासांहून अधिक. फळीभोवती चारपेक्षा जास्त मुलं मावत नाहीत, म्हणून वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या करा आणि बाकीच्यांना पाकळ्या सोडायला बसवा. फळी शनिवारी लागणार असेल तर उलट मोजा: आदल्या शनिवारी भिजत घाला, मंगळवारी माती, बुधवारी टोचणं आणि रेघा, गुरुवारी शेवाळ-पानं, पाकळ्या शुक्रवारी. पाकळ्या बुधवारीच लावल्या तर उद्घाटनाच्या सकाळी त्या तीन दिवसांच्या शिळ्या असतात. प्रत्येक संध्याकाळी वर ओलं फडकं किंवा गोणपाट टाका, चित्राला न टेकता, काठ-पट्टीवर दोन काठ्या आडव्या ठेवून.

उचलताना दोन मोठी माणसं हवीत. माती आणि भिजलेलं लाकूड मिळून सात-आठ किलो होतात आणि फळी वाकडी झाली की मातीला मधोमध चीर जाते. आडवी न्या, जागेवर गेल्यावरच उभी करा, तीही सरळ नाही, थोडी मागे रेललेली. रोज सकाळी आणि संध्याकाळी बारीक फवारा मारा, धार नको. भर दुपारी मारू नका, त्या वेळचं पाणी मातीत मुरायच्या आत उडून जातं. गार हवेत फळी आठवडाभर चांगली राहते, कडक उन्हात चौथ्या दिवसापासून रंग उतरतो. कुठे पाकळी गळली तर तिथे त्याच रंगाची नवी लावता यावी म्हणून मूठभर फुलं बाजूला जिवंत ठेवा. काठाशी केसासारखी चीर दिसली तर तिच्यावर पाणी ओतू नका. ओल्या बोटाने माती दाबून मिटवा आणि मागच्या बाजूने लाकूड ओल्या स्पंजने भिजवा. पाणी तिकडूनच पळत असतं.

सोहळा संपला की फळी घरी आणून आडवी ठेवा आणि पाकळ्या, शेवाळ वेचून कंपोस्टमध्ये टाका. माती हातानेच खरवडा. ती सिंकमध्ये धुऊ नका, नळी तुंबते आणि ते काढणं महागात पडतं. हात आणि अवजारं बादलीत धुवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी सांडून द्या. खारट पाणी कुंड्यांना घालू नका. माती झाकणाच्या बादलीत, वर दोन बोटं पाणी ठेवून भरा. आत राहिलेले पाकळ्यांचे तुकडे हिवाळ्यात कुजून जातात, थोडा वास येतो, तो तुडवताना निघून जातो. फळी सावलीत सावकाश सुकवा, उन्हात ठेवली तर पिळवटते. खिळे तसेच राहू द्या, आणि मागच्या बाजूला वर्ष आणि मुलांची पहिली नावं पेन्सिलीने लिहा.